इव्हन्स्टनला घर घेताना तळं नंतर बघा, आधी जानेवारी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीला नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ऍडमिशन मिळालीय, सप्टेंबरमध्ये शिकागोजवळच्या इव्हन्स्टनला जायचंय, तिला आणि तिच्या मैत्रिणीला तळ्यासमोरचा एक फ्लॅट आवडलाय, फोटोत खिडकीतून निळंशार पाणी दिसतंय, भाडं मात्र बजेटच्या बाहेर जातंय. घ्यावा की नाही, नाही तर मग कुठं घ्यावा, थंडी झेपेल का, आणि शाकाहारी जेवणाचं काय, हे तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. तो फ्लॅट घेऊ नका. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर, भाड्यात हीट, म्हणजे घर तापवायचा खर्च, धरलेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरची जागा घ्या, तळं दिसलं नाही तरी चालेल.

मी इव्हन्स्टनला ११ वर्षं होते, त्यातली ७ वर्षं भाड्याच्या बिल्डिंगा सांभाळणाऱ्या ऑफिसात काम केलं. जागा दाखवायच्या, लीज करायची, चाव्या द्यायच्या, मुलं सोडून गेली की भिंती-ओटे तपासायचे, हेच रोजचं. २०१५ ला बडोद्याला परत आले, आता कारेलीबागेत असते आणि दर उन्हाळ्यात इथून जाणाऱ्या मुलांच्या जागा बघून देते. त्यामुळे जे सांगतेय ते वापरलेलं आहे.

पहिली गोष्ट, "तळं" या शब्दाने आपल्या बडोदेकरांची फसगत होते. आपल्या डोळ्यांसमोर सूरसागर येतो, बांधलेली पाळ, मध्ये महादेवाची मूर्ती, संध्याकाळी फेरी मारायची आणि शेव-उसळ खाऊन घरी. लेक मिशिगन तसं नाही. ते साधारण ५८,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे असली तीन-साडेतीन तळी मिळून अख्खा गुजरात होईल. लांबी बडोदा ते मुंबई अंतरापेक्षा जास्त, सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळूचे बीच आहेत, फक्त पाणी गोडं आहे आणि गावाच्या नळाला तेच येतं. थोडक्यात समुद्रच. आणि समुद्राकाठी राहणाऱ्या गावात सगळं वाऱ्यावर ठरतं, भाडं सोडून. भाडं खिडकीतल्या फोटोवर ठरतं, तिथंच मुलं चुकतात, कारण फोटो जून ते सप्टेंबरमधला असतो आणि राहायचं असतं जानेवारीत.

माझ्या ऑफिसातली एक आठवण सांगते. काठावरच्या बिल्डिंगमधला पूर्वेकडचा फ्लॅट एका नवरा-बायकोने ऑगस्टमध्ये घेतला, दोघंही युनिव्हर्सिटीत शिकणारे, खूप खूष होते. फेब्रुवारीत ती मुलगी ऑफिसात आली, दुसरीकडे शिफ्ट करता येईल का विचारायला. मी बघायला गेले. जुनी लाकडी चौकट, एकेरी काच, खिडकीच्या खालच्या फटीत त्यांनी टॉवेल गुंडाळून कोंबले होते आणि ते टॉवेल काचेच्या बाजूने कडक झाले होते, हात लावला तर पापडासारखे वाजत होते. काचेवर आतून बर्फाची नक्षी. पलंग ओढून आतल्या भिंतीला लावलेला, म्हणजे ज्या खिडकीसाठी दर महिन्याला जास्तीचे पैसे देत होते तिच्याकडे पाठ करून दोघं झोपत होते. हीट इलेक्ट्रिक होती आणि बिल त्यांच्या नावावर. लीज १२ महिन्यांची, मध्येच सोडता येत नाही, सबलेट करायला, म्हणजे पोटभाड्याने द्यायला, फेब्रुवारीत माणूस मिळत नाही. राहिले बिचारे ऑगस्टपर्यंत.

आणि गंमत म्हणजे तळं तिथं सगळ्यांचं आहे. युनिव्हर्सिटीने १९६० च्या दशकात तळ्यात भराव घालून ८४ एकर जमीन तयार केली, तिला लेकफिल म्हणतात, त्यावर आता इमारती, हिरवळ आणि पाण्याच्या कडेने चालायचा रस्ता आहे. तिथं उभं राहिलं की दक्षिणेला शिकागोच्या उंच बिल्डिंगा पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसतात. तिकीट नाही, काही नाही. तुमची मुलगी क्लासमधून बाहेर पडली की पाच मिनिटांत पाण्याजवळ जाऊ शकते. सूर्य तळ्यातून उगवतो, तो एकदा तरी बघायला सांगा, ऑक्टोबरमध्ये, कारण तेव्हा उगवतोही उशिरा आणि थंडीही सोसवते. तर जे फुकट मिळतंय ते भाड्यात विकत कशाला घ्यायचं.

आता गाव कसं आहे ते नकाशा उघडून समजून घ्या म्हणजे जागा शोधणं सोपं जाईल. इव्हन्स्टन शिकागोला उत्तरेकडून चिकटलेलं वेगळं शहर आहे, वस्ती ७८,००० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. पूर्वेला तळं, त्याला लागून कॅम्पस, कॅम्पसला लागून शेरिडन रोड. तिथून पश्चिमेकडे थोडं चाललं की रेल्वेच्या दोन लाइनी उत्तर-दक्षिण जातात, एक पर्पल लाइन, म्हणजे शिकागोची लोकल, आणि तिच्या शेजारून मेट्रा, ती थेट डाउनटाउनला नेते. आणखी पश्चिमेला रिज ॲव्हेन्यू, तो रस्ता थोडा उंचावर आहे कारण हजारो वर्षांपूर्वी तळ्याचा काठच तिथं होता, वाळूची ती जुनी वरंब आजही पायाला कळते.

पर्पल लाइनची स्टेशनं दक्षिणेकडून अशी, हॉवर्ड, ते शिकागोत येतं, मग साउथ बुलेवार्ड, मेन, डेम्पस्टर, डेव्हिस, फॉस्टर, नॉईस, सेंट्रल आणि शेवटचं लिंडन, ते पुढच्या गावात. मुलगी इंजिनिअरिंगला आहे म्हणालात, तर तिची मुख्य बिल्डिंग शेरिडन रोडवर आहे आणि नॉईस स्टेशन तिला जवळ. पण नॉईस आणि फॉस्टरच्या आसपास सगळ्या विद्यार्थ्यांची उडी पडते त्यामुळे जागा तुटक्या आणि भाडी चढी. माझं मत विचाराल तर मेन आणि डेम्पस्टर ही दोन स्टेशनं धरा. गाडीने कॅम्पसला दहा मिनिटांच्या आत, शिकागो ॲव्हेन्यूवर ज्युएल आणि ट्रेडर जोज ही किराण्याची दुकानं चालत जाण्यासारखी, बेकऱ्या, कपडे धुवायची सोय, सगळं हाताशी. बिल्डिंगा बहुतेक शंभर वर्षं जुन्या, विटांच्या, तीन मजली, मध्ये चौक सोडलेला. मला तर त्या बघून आपल्या वाड्यांची आठवण यायची, चौक आहे, चौकात झाड आहे, वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली बघतंय.

बजेट फारच ताणलं जात असेल तर हॉवर्डच्या दक्षिणेला, शिकागो हद्दीत रॉजर्स पार्क आहे, तिथं बऱ्यापैकी स्वस्त पडतं. पण पहिल्या वर्षी मी मुलींना तिथं पाठवत नाही. वस्ती वाईट म्हणून नाही, चांगली माणसं राहतात तिथं, पण रात्री लॅबमधून निघून हॉवर्डला गाडी बदलून मग घर, हे थंडीत रोज होत नाही, आणि युनिव्हर्सिटीची रात्री घरी सोडणारी सेफ राइड असते तिची हद्द ठरलेली असते. दुसऱ्या वर्षी स्वतः गाव ओळखून तिला जायचं तर जाऊ दे.

आता जागा बघायची कशी, कारण तुम्ही इथून बघणार आहात. फोटोवर अजिबात जाऊ नका. लाइव्ह व्हिडिओ कॉल मागा, रेकॉर्ड केलेला नको. दाखवणाऱ्याला सांगा, गरम पाण्याचा नळ सोड आणि तसाच ठेव, किती वेळाने वाफ येते बघू. खिडकी उघडून बंद कर, काच एकेरी की दुहेरी ते दाखव. रेडिएटर दाखव आणि त्याच्या खालची फरशी दाखव, गंज किंवा पाण्याचा डाग आहे का. सिंकखालचं कपाट उघड. आणि शेवटी फोन बंद न करता खाली उतरून स्टेशनपर्यंत चालत जा. हे शेवटचं कोणी करत नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं, जाहिरातीत "स्टेशनजवळ" लिहिलेलं असतं ते नुसतं लिहिलेलं असतं. जो माणूस एवढं करायला तयार होत नाही त्याची जागा सोडून द्या. आणि जागा किंवा तिथला माणूस पाहिल्याशिवाय, लीजचा कागद वाचल्याशिवाय कोणालाही डॉलर पाठवू नका, "अजून चार जण रांगेत आहेत, आजच टोकन द्या" असं म्हणणाऱ्याला तर नाहीच नाही.

"गार्डन अपार्टमेंट" हा शब्द दिसला की थांबा. ह्याच्यात बाग नसते. अर्धा जमिनीखाली असलेला फ्लॅट म्हणजे गार्डन अपार्टमेंट. मी स्वतः पहिल्या वर्षी हाच शब्द वाचून न बघता घर घेतलं होतं, मनात आपलं कमाटी बाग. गेले तर खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे बूट दिसत होते. नोव्हेंबरपासून भिंतीला ओल, तांदळाची पिशवी खालून काळी पडली, गाद्यांना वास, आणि सोडताना मालकाने ओलीचा दोष माझ्यावर टाकून डिपॉझिट ठेवून घेतलं. मला तेव्हा माहीत नव्हतं की इव्हन्स्टन शहराचा स्वतःचा मालक-भाडेकरू कायदा आहे आणि भाडेकरूला त्यात बरेच हक्क आहेत. तुमच्या मुलीला सांगा, चावी हातात आली की पहिल्याच दिवशी, सामान उघडण्याआधी, प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, कपाटाची आतली बाजू ह्याचे फोटो काढायचे आणि ऑफिसला ईमेल करून टाकायचे. तारखेसकट पुरावा राहतो. मी नंतर दुसऱ्या बाजूला बसून काम केलं तेव्हा बघितलंय, ज्यांचा असा ईमेल असायचा त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे.

लीजमध्ये तीन-चार गोष्टी बघा. हीट भाड्यात आहे की वेगळी. ही ओळ पहिली वाचायची, जुन्या रेडिएटरवाल्या बिल्डिंगांत ती बहुतेक मालकाकडे असते आणि म्हणूनच मी त्या बिल्डिंगा सुचवते. गॅस आणि वीज साधारण आपल्यालाच भरायची. डिपॉझिट आहे की मूव्ह-इन फी, डिपॉझिट परत मिळतं, फी मिळत नाही, हे आधी नीट विचारून घ्या. सबलेटची परवानगी आहे का, कारण उन्हाळ्यात इंटर्नशिपला दुसऱ्या गावी जावं लागलं तर तीन महिन्यांचं भाडं वाया जातं. आणि दोघी मिळून घेताय तर लीजवर दोघींची नावं हवीत, पण लक्षात ठेवा की बहुतेक लीजमध्ये एकीने नाही भरलं तर दुसरीकडून सगळं वसूल करता येतं, त्यामुळे मैत्रिणीच्या आईवडिलांशी आधीच एकदा बोलून घ्या, संकोच नको. को-सायनर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा माणूस, मागतील, कारण मुलीची तिकडे क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे उधारी-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद, नाही. अमेरिकेत नातेवाईक नसेल तर ऑफिसला सरळ विचारायचं, युनिव्हर्सिटीचं ऍडमिशन लेटर, आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) आणि बँकेचं स्टेटमेंट चालतं का, विद्यार्थ्यांना सरावलेल्या ऑफिसांत बरेचदा चालतं.

तारखांचा घोळ इथं खास आहे. नॉर्थवेस्टर्न क्वार्टर पद्धतीने चालतं, वर्ग सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि जूनमध्ये संपतात. लीज मात्र बहुतेक एक सप्टेंबरपासून. आय-ट्वेंटीवर जी सुरुवातीची तारीख असेल त्याच्या ३० दिवस आधीपर्यंतच अमेरिकेत शिरता येतं, त्याच्या आधी नाही, तिकीट काढताना हे बघा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचली तर उत्तम. मला माहितीय, "वर्ग २० नंतर आहेत तर गणपती करून जाऊ दे" असं घरात कोणीतरी म्हणणार. गणपती कधी येतायत त्यावर बघा पण तिला दोन आठवडे मोकळे द्या, कारण क्वार्टर दहाच आठवड्यांचं असतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म येऊन उभी राहते. बँक, फोन, गादी, किराणा ह्यात ते आठवडे गेले तर पहिल्या परीक्षेलाच दम लागतो, मग मुलं स्वतःला कमी समजायला लागतात, आणि ती हुशारच असतात हो, फक्त उशिरा पोचलेली असतात.

थंडीचं बोलते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १२-१३ डिग्री झाली की आपण शाली काढतो. तिथं जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी तापमान उणे ७-८ च्या आसपास असतं, आणि ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत उणे ३० च्या खाली गेलं होतं, तेव्हा नॉर्थवेस्टर्ननेही वर्ग बंद ठेवले होते. तशी वेळ क्वचित येते. पण आकडा महत्त्वाचा नाही, वारा महत्त्वाचा. तळ्याकडून येणारे जे आडवे रस्ते आहेत त्यातून तो बंदुकीच्या नळीतून आल्यासारखा येतो, म्हणून म्हणते की स्टेशन ते घर अंतर मोजा, पाच मिनिटं आणि पंधरा मिनिटं ह्यातला फरक बडोद्यात कळत नाही. तळ्याची अजून एक खोडी, ते वसंतातही लवकर तापत नाही. मे महिन्यात आत पाच-सात किलोमीटरवर लोक अर्ध्या बाह्यांत असतात आणि काठावर जॅकेट लागतं, तिथल्या हवामानाच्या बातम्यांत "तळ्याजवळ गार" हे रोजचंच वाक्य.

कपडे इथून घेऊन देऊ नका ताई. स्टेशनरोडच्या दुकानातलं जाड जॅकेट वजनाने भारी असतं पण तिथल्या वाऱ्याला पुरत नाही, मी कितीतरी मुलांचे नवेकोरे जॅकेट डिसेंबरमध्ये कपाटात गेलेले पाहिलेत. इथून फक्त दोन-तीन थर्मलचे जोड आणि लोकरी मोजे द्या. पिसांचा लांब कोट, गुडघ्याखाली येणारा, आणि पाणी न शिरणारे पकड असलेले बूट हे तिथंच ऑक्टोबर संपायच्या आत घ्यायचे. कोटावर कंजूसी नको, तो एकच कपडा रोज अंगावर असणार आहे. आणि बर्फावर चालताना पावलं छोटी टाकायची, हात खिशात नाही ठेवायचे. काळा बर्फ दिसत नाही, ओल्या रस्त्यासारखा वाटतो, पहिल्या वर्षी तिथंच मनगटं मोडतात.

पण थंडीपेक्षा मला काळजी असते ती अंधाराची. डिसेंबरमध्ये दुपारी ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. क्लासला गेली तेव्हा करडं आभाळ, बाहेर आली तेव्हा रात्र, असं दोन-तीन आठवडे चाललं की मुलगी फोनवर कमी बोलायला लागते, "काही नाही गं, झोप येतेय" म्हणते. ते दुर्लक्ष करू नका. दुपारी जेवणाच्या वेळी वीस मिनिटं उजेडात चालायचं, डॉक्टरला विचारून व्हिटॅमिन डी, आणि युनिव्हर्सिटीत काउन्सेलिंगची सोय असते तिथं जायला लाज नाही, हे जाण्याआधीच बोलून ठेवा. तुमच्या आणि तिच्या घड्याळात हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक पडतो आणि उन्हाळ्यात साडेदहा. तिची सकाळी निघायची वेळ म्हणजे तुमची जेवणं उरकून निवांत बसायची वेळ, तेव्हा रोज दहा मिनिटं बोला, रविवारी दोन तास बोलण्यापेक्षा ते बरं.

पाण्याचं एक कडक सांगते. लाइफगार्ड फक्त उन्हाळ्यात असतात. आतल्या आत ओढणारे प्रवाह असतात, वरून पाणी शांत दिसतं. हिवाळ्यात काठावर बर्फाचे मोठे ढिगारे तयार होतात, मुलं फोटोसाठी त्यावर चढतात, पण खाली जमीन नसते, पोकळ असतं, खाली शून्य डिग्रीच्या जवळचं पाणी. गावाच्या उत्तरेला ग्रोस पॉइंटचं दीपगृह आहे, १८७३ मधलं, ते उगाच नाही बांधलं. १८६० मध्ये ह्याच किनाऱ्याजवळ लेडी एल्गिन नावाची आगबोट बुडाली आणि ३०० च्या आसपास माणसं गेली. पोहता येतं म्हणणाऱ्या मुलीलाही हे सांगाच.

जेवणाची मात्र अजिबात चिंता नको, त्यातून आपण बडोद्याचे. हॉवर्डला गाडी बदलून रेड लाइनने, म्हणजे शिकागोच्या दुसऱ्या लोकलने, लॉयोला स्टेशनला उतरायचं आणि १५५ नंबरची बस पकडायची, ती डेव्हन ॲव्हेन्यूने जाते. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान ह्याच डेव्हनवर १९७४ मध्ये निघालं. बाजरीचं पीठ, ज्वारीचं पीठ, मेथी, सुरण, हिंग, सगळं मिळतं, आणि दुकानात पाऊल टाकलं की कानावर गुजराती पडतं, आपल्या मुली तिथं "केम छो" म्हणून सुरू होतात तेव्हा पुण्या-मुंबईच्या मुली बघत राहतात. महिन्यातून एकदा दोघींनी मिळून गेलं की पुरतं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ जुनं आहे, गणपतीला, दिवाळीला कार्यक्रम असतात, पहिल्याच वर्षी नाव नोंदवायला सांगा, आजारपणात असा माणूस लागतो.

इथून न्यायचं ते, लहान प्रेशर कुकर, एक शिट्टी आणि रिंग जास्तीची, तवा, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा. मिक्सर नको, तिथं १२० व्होल्ट आहे, आपला चालत नाही. चष्म्याचे दोन जोड, नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि लसींचा कागद नीट इंग्रजीत, गोवर-गालगुंड-रुबेला आणि धनुर्वाताचा, इलिनॉयमध्ये त्याशिवाय कॉलेज पुढे जाऊ देत नाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं बॅगेत टाकू नका आणि जे खायचं नेताय ते उतरल्यावर कस्टमच्या अधिकाऱ्याला सांगा, सांगितलं तर बहुतेक वेळा विचारून सोडतात, लपवलं तर दंड.

आणि फोडणी. हसू नका, ह्याच्यावरून माझ्याकडे सगळ्यात जास्त फोन यायचे. तिथल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला दार नसतं आणि बरेचदा शेगडीवरचा पंखा हवा बाहेर फेकत नाही, जाळीतून फिरवून तिथंच परत सोडतो. आपली मोहरी तडतडली, त्यात मिरची पडली की छतावरचा स्मोक अलार्म कर्कश वाजायला लागतो. मुलं घाबरून त्याची बॅटरी काढून ठेवतात. ते कधीही करायचं नाही, नियमाविरुद्ध तर आहेच पण लाकडी जिन्यांच्या जुन्या बिल्डिंगांत जिवावरचं आहे. सोपी युक्ती सांगते, छोटं कढलं मंद आचेवर, मोहरी तडतडली की आच बंद करून मग मिरची-हिंग-हळद, आणि वर लगेच झाकण. खिडकी आधीच चार बोटं उघडी. अकरा वर्षांत माझा अलार्म दोनदाच वाजला, दोन्ही वेळा पापड भाजताना.

गाव स्वभावाने शांत आहे. नॉर्थवेस्टर्नची स्थापना १८५१ ची, गावाचं नाव पडलं जॉन इव्हन्स ह्या संस्थापकावरून, आणि कॉलेजपासून चार मैलांत दारू विकायची नाही असा नियम १८५५ मध्येच झाला, तो अगदी १९७२ पर्यंत टिकला. म्हणजे आपल्या गुजरातसारखीच दारूबंदी, तुमच्या मिस्टरांना हे सांगा, त्यांना बरं वाटेल. आता मिळते सगळी, पण त्या वळणाचं गाव अजून जाणवतं, मोठी झाडं, रात्री लवकर सामसूम. गावाचं सार्वजनिक वाचनालय सुंदर आहे, पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड फुकट. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला बोलावून वाचनालयांची घडी बसवली, त्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत वाढलेल्या मुलीला तिथं परकं वाटणार नाही. हिवाळ्यात शनिवारी दुपारी बसायला त्याच्यासारखी ऊबदार जागा नाही.

विमानतळाचं राहिलं. शिकागोच्या ओहेअर विमानतळाहून पेस ह्या बससेवेची डेम्पस्टर रस्त्यावरून जाणारी बस इव्हन्स्टनच्या डेव्हिसपर्यंत येते, स्वस्त आहे, पण पहिल्या दिवशी दोन मोठ्या बॅगा आणि चोवीस तासांचा प्रवास झालेला असताना टॅक्सीच करू द्या.

आता तुम्ही असं करा. तो तळ्यासमोरचा फ्लॅट सोडल्याचं मुलीला लगेच सांगू नका, ती हिरमुसेल. आधी तिला मेन आणि डेम्पस्टरच्या आसपासचे, हीट भाड्यात असलेले, पहिल्या मजल्याच्या वरचे तीन-चार पत्ते काढायला सांगा, आणि प्रत्येक पत्त्यासमोर स्टेशनपर्यंत चालत किती मिनिटं आणि पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं हे तिलाच लिहू द्या. दुसरा आकडा बघून तीच शांत होईल, कारण त्या भागात तळं दहा-पंधरा मिनिटांच्या पलीकडे जातच नाही. ती यादी झाली की इथं टाका, कुठली बिल्डिंग कुठल्या रस्त्यावर आहे आणि वारा कुठल्या बाजूने लागेल ते मी एकेक बघून सांगते. जून संपायच्या आत करा, चांगल्या जागा जुलैत राहत नाहीत.